न कापलेली चीवरं

सरहद्दीवरचं फाटक बंद झालं तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ते फाटक म्हैसूरपासून फार लांब. मणिपूरच्या टोकाला मोरेह नावाचं गाव आहे, त्याच्या पुढे म्यानमार. आमची गाठोडी तिथे पोचायची ती आधी रेल्वेने, मग ट्रकने, मग डोंगर चढून आणि उतरून. महामारीच्या वर्षी फाटक बंद झालं आणि पुन्हा पूर्वीसारखं उघडलंच नाही. आता तर तिथे कुंपण घालताहेत. फाटक बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी वहिनीने स्वयंपाक केला, पण कुणी धड जेवलं नाही. माझा थोरला भाऊ, अण्णा, कापायच्या टेबलाशी नुसता बसून होता. मीही तोंड पाडून बसलो होतो. आतून मात्र सुटल्यासारखं झालं होतं. दारात उभा असलेला माणूस हाक न मारता निघून जावा, तसं.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज इकडे कधी आले ते घरात कुणालाच नीट माहीत नाही. विठ्ठलाचं देऊळ आणि शिवणकाम बरोबर घेऊन आले, एवढं खरं. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून नोकरीला आलेली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, हे कुठलं मराठी. अण्णा मला तम्मा म्हणतो. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तसंच म्हणतात. वडील लवकर गेले. अण्णाने शाळा सोडून कात्री धरली आणि मला बी.कॉम. केलं. तेव्हापासून वाटणी ठरून गेली. कापड त्याचं, कागद माझे. फोन मी घ्यायचे, पावत्या मी करायच्या, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायचं मी. कात्रीला हात लावलेला त्याला खपायचा नाही. ‘बिडू तम्मा, राहू दे. तुझे हात पेनाचे,’ म्हणायचा. कौतुकानेच म्हणायचा. मला ते टोचायचं, हेही आता लिहून टाकतो.

चीवरांचं काम आमच्याकडे आलं ते पिरियापट्टणहून. त्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथल्या भिक्खूंचे कपडे अण्णा बऱ्याच वर्षांपासून शिवायचा. मोरेहचे एक तमिळ व्यापारी तंबाखूच्या धंद्यातल्या नातेवाइकाकडे पिरियापट्टणला आले होते. त्यांनी वसाहतीतल्या दुकानात अण्णाने शिवलेलं वस्त्र उचललं, उलटं केलं, आतली शिवण अंगठ्याने चोळून पाहिली आणि शिंप्याचा पत्ता मागितला. संध्याकाळच्या बसने ते आमच्या दारात. मुलांनी त्यांचं नाव बर्मामामा ठेवलं आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

त्यांच्या आजोबांचं रंगूनला दुकान होतं. तिकडून भारतीयांना बाहेर काढलं तेव्हा कुटुंब बोटीने मद्रासला आलं, तिथे करमेना, म्हणून जमिनीच्या रस्त्याने परत निघालं. सरहद्दीवर अडवलं. पुढे जाता येईना, मागे जायचं नव्हतं. तिथेच दुकान मांडलं. ‘दुसऱ्यांची गावं नदीवर वसतात, आमचं गाव अडवणुकीवर वसलं,’ असं ते सांगायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे. ते तमिळ बोलायचे, अण्णा कन्नड. अर्धं एकमेकांना कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यावरून दोघं तासन्‌तास वाद घालायचे. वयाने दोघं बरोबरीचे, तरी ते अण्णाला अण्णाच म्हणायचे. मला तंबी. म्हणजे तिथेही मी धाकटाच.

त्यांच्या मागण्या अशा असत. पावसाळाभर भिक्खू एका जागी राहतात. पावसाळा संपला की पलीकडे गावोगाव चीवरदान होतं, म्हणजे गावकरी भिक्खूंना नवी वस्त्रं देतात. ती घ्यायला पलीकडच्या बायका सकाळी पास दाखवून फाटकातून मोरेहला येत, बर्मामामांच्या दुकानातून बोजे बांधून डोक्यावर घेत आणि फाटक बंद व्हायच्या आत परत जात. त्यातल्या कित्येक जणी स्वतःसाठी घेत नसत. गावात नेऊन विकत. त्या फेरीवर त्यांचं घर चालायचं, मामांचं दुकान चालायचं, आणि एवढ्या लांब म्हैसूरच्या आमच्या गल्लीत सात मशिनी चालायच्या. परदेशी व्यापार म्हणजे मोठी जहाजं, कंटेनर, सूटबूट, असं मला कॉलेजात वाटायचं. आमचा परदेशी व्यापार कुणाच्या तरी डोक्यावरून चालत जायचा.

चीवराचा एक नियम आहे. ते अख्ख्या कापडाचं चालत नाही. कापड आधी कापून तुकडे करायचे आणि मग ते जोडायचे, भातशेताच्या बांधांसारख्या रेघा दिसतील असे. बर्मामामांनी पहिल्याच भेटीत हे समजावलं होतं. अख्ख्या कापडाला किंमत असते. कापलं की ते कुणाला चोरावंसं वाटत नाही आणि नेसणाऱ्याचाही जीव त्यात अडकत नाही. अण्णाला हे फार पटलं. आमच्या घरात चांगलं कापड विनाकारण कापलं तर आजी दिवसभर बोलायची नाही. शिंप्याच्या हाताला वाचवायची सवय असते. दुमडून भागत असेल तर तो कापत नाही. अण्णाने मात्र ती सवय मोडली. नवा तागा उलगडला की पहिला काप देताना तो डोळे मिटायचा, विठ्ठलाचं नाव घ्यायचा आणि कात्री चालवायचा. एकादशीच्या भजनाला बर्मामामा असले तर त्यांना शेजारी बसवून हातात टाळ द्यायचा. त्यांचा ताल कधी जमायचा नाही. सगळे हसायचे. अण्णा सोडून.

अण्णाचं गाठोडं मोरेहला कधी कुणी उघडून तपासलं नाही. ‘त्याच्यावर नजर ठेवायची गरज नाही,’ मामा म्हणायचे. गाठोडं जसं जायचं तसंच बायकांच्या डोक्यावर चढायचं.

फाटक बंद व्हायच्या आधीच्या वर्षी, ऐन श्रावणात, अण्णाच्या एका डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खाली मान घालून पडून राहायला सांगितलं, आणि पुढचे काही महिने कात्री-सुई बंद. मोरेहची मागणी घेऊन झाली होती. नेहमीपेक्षा मोठी होती. वर दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या पथकांचे अंगरखे, शाळांच्या कवायतीचे कपडे. आमच्या मशिनींवरच्या बायकांना मान वर करायला फुरसत नव्हती.

अण्णा उशीत तोंड घालून पडल्या पडल्या म्हणाला, ‘मामाला कळव. या वर्षी अर्धीच देऊ.’

मी म्हणालो, ‘सगळी देऊ. मी बघतो.’

‘कापणार कोण?’

‘माणूस मिळालाय,’ मी सांगितलं.

माणूस मिळाला नव्हता. मी स्वतः कापणार होतो. मला दाखवायचं होतं. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा मी तागा टेबलावर पसरला, खडूने रेघा मारल्या आणि अण्णाची कात्री हातात घेतली. तिचं वजन मला माहीत नव्हतं. पातं कापडाला लावलं आणि हात थांबला. एवढं लांब, नवं, गर्द लाल कापड. चुकीची रेघ गेली तर तागा वाया. शिवण उसवता येते, काप उसवता येत नाही. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मग कात्री ठेवली, कापड खडूच्या रेघेवर दुमडलं आणि चिमटीत धरून पाहिलं. ब्लाऊजला टक घालतात तशी टीप मारली तर वरून हुबेहूब जोड दिसत होता. मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलं.

आमच्या कामावरच्या बायकांना हे काम देता येत नव्हतं. त्यांनी अण्णाला सांगितलं असतं. म्हणून तागे घेऊन मी नंजनगूडला गेलो. तिथे एका घरात चार-पाच जणी मिळून बाहेरचं शिवण घेत. नमुन्याचं चीवर मी मुद्दाम नेलं नाही. खडूच्या रेघा दाखवल्या, इथे इथे टक घाला म्हणालो. कशाला, असं त्यांच्यातल्या एकीने विचारलं तेव्हा दसऱ्याच्या मांडवाच्या कनाती आहेत, असं सांगितलं. पुढे कधी मी मनाशी म्हणू लागलो की मला नियमाचं गांभीर्य कळलं नव्हतं, तर ही कनात आठवते. न कळणारा माणूस कनात म्हणत नाही.

माल वेळेवर गेला. अण्णाने एक चीवर मागून घेतलं, डोळा झाकलेला असताना बोटांनी वरून चाचपलं आणि म्हणाला, ‘रेघ सरळ आहे. चांगला माणूस मिळाला तुला.’ उलटं करून पाहिलं नाही. माझ्यावरही नजर ठेवायची त्याला गरज वाटली नाही.

दिवाळी झाल्यावर मामांचा फोन आला. अण्णाचे डोळे कसे आहेत, आधी तेच विचारलं. मग सांगितलं. पलीकडच्या एका मठात धुवायला काढलेलं चीवर कुणीतरी उलटं केलं. मग बाकीची पाहिली. एकही कापलेलं नव्हतं. ज्यांनी दान दिलं होतं त्यांना गावात मान वर करता येईना. ज्या बायकांनी विकली होती त्यांच्या दारात लोक आले. त्या बायका बोजे डोक्यावर घेऊन फाटकातून परत आल्या आणि मामांच्या दुकानासमोर उतरवून बसल्या. मामांनी सगळी परत घेतली, बदल्यात दुकानातलं जे होतं ते दिलं.

‘मी सांगितलं, चूक माझ्या दुकानात झाली,’ ते म्हणाले. ‘अण्णाचं नाव घेतलं नाही. अण्णाला सांगू नका, आजारी माणूस आहे. तेवढी चीवरं तंबी, नीट कापून पाठवा. पुढच्या वेळी मी ती त्यांना फुकट देईन. विश्वास बसेल परत.’

मी हो म्हणालो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कापून पाठवायची म्हणजे अण्णाने कापायला हवं होतं. त्याचा डोळा उघडला होता, हळूहळू तो टेबलाशी बसू लागला होता. रोज सकाळी मी सांगणार होतो. तेवढ्यात ती बातमी आली. फाटक बंद.

इथे ते हायसं वाटणं.

पुढे वाटलं होतं तसं मात्र झालं नाही. फाटक बंद झाल्याने व्यापार एका झटक्यात मरतो असं नाही, हे मी तेव्हा शिकलो. तो लांबच्या रस्त्याला लागतो. मामांनीच रस्ता काढला. चेन्नईहून जहाजाने रंगूनला माल जाऊ शकत होता, तिथे त्यांचा चुलत भाऊ होता. महाग पडणार होतं. डोक्यावर बोजे वाहणाऱ्या त्या बायका त्यातून कायमच्या गळणार होत्या. जहाजाला डोकं लागत नाही. पण काम चालू राहिलं असतं. एवढा लांबचा रस्ता धरायचा तर पलीकडच्यांचा भरवसा हवा आणि भरवसा हवा तर आधी ती परत आलेली चीवरं भरून द्यायला हवीत, एवढंच त्यांचं म्हणणं. ते फोन करत राहिले. मी आज-उद्या करत राहिलो.

अण्णा विचारायचा, ‘मामा काय म्हणतो?’ एका दुपारी त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्यांना पलीकडून तयार माल स्वस्त मिळतोय. आपला नको म्हणतात.’

अण्णाने खडू खाली ठेवला. ‘असं म्हणाला? शब्द काय होते त्याचे?’

शब्द माझ्याकडे नव्हते. मला ते तिथल्या तिथे शिवावे लागले. मी म्हणालो, ‘धंद्यात भाऊबिऊ काही नसतं, असं म्हणाले.’

अण्णाने समोरचं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, ‘गेट बंद झालं तर झालं. माणूस का बंद व्हावा?’

त्या दिवसानंतर त्याने मामांचा फोन घेतला नाही. माझ्या फोनवर आला तर हाताने नको म्हणायचा, स्वतःच्या फोनवर आला तर कापायचा. सात मशिनींच्या चार झाल्या, मग दोन. कामावरच्या बायका एकेक करून सुटल्या. त्यांनाही अण्णाने मामांचं म्हणून तेच वाक्य सांगितलं. भजनाला गेलो की लोक हळहळायचे, सरकारांची भांडणं आणि मरण शिंप्यांचं, असं म्हणायचे. अण्णा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘सरकारचं सोडा. सरकार आपलं कधी होतं? ज्याला मी टाळ दिला तो म्हणाला, धंद्यात भाऊबिऊ काही नसतं.’ माझं वाक्य त्याने इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं की ते गल्लीतलं झालं. आमच्या नात्यातला एक जण वाटणीच्या वादात ते मलाच ऐकवून गेला.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट अजून सांगायची आहे. काही वर्षांनी मला मामांचा खरोखरच राग येऊ लागला. अण्णा दुखावलेला दिसला, रिकाम्या मशिनींवर वहिनीने कापड झाकलेलं दिसलं की माझ्या मनात यायचं, असं करायला नको होतं त्या माणसाने. मी फसवला गेलोय असं मला आतून वाटायचं. राग खरा होता, फक्त त्याला कारण नव्हतं. मग क्षणभराने आठवायचं.

मणिपूर पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा अण्णा टीव्ही बंद करायचा नाही. मोरेहचं नाव आलं की पुढे सरकून बसायचा. नंतर कुंपणाचे खांब दाखवले, तेव्हा म्हणाला, ‘लोखंड घालतायत. जे आधीच तुटलं त्याला लोखंड कशाला.’

मागच्या वर्षी, दसरा आटोपून गल्लीतली माळा-तोरणं अजून उतरायची होती तेव्हा, बर्मामामा दारात उभे राहिले. घर, दुकान सगळं सोडून ते चेन्नईला मुलीकडे राहतात. नंजनगूडला देवाला आलो होतो, म्हणाले. अंगाने अर्धे झाले होते. वहिनीने आत बोलावलं. अण्णा खुर्चीवर होता, तो उठला नाही. बसा असंही म्हणाला नाही. मामा स्वतःच उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसले.

‘डोळे कसे आहेत ते बघायला आलो, अण्णा,’ ते म्हणाले.

‘डोळे चांगले आहेत. आता माणसं स्पष्ट दिसतात.’

मामा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. जुन्या सवयीने तेही काहीतरी चिडवायला गेले, म्हणाले की तुझा टाळ अजून माझ्याशिवाय वाजतो का. अण्णा हसला नाही. त्याने कन्नडमध्ये, एकेक शब्द वेगळा करून विचारलं, ‘इतक्या लांब कशाला आलास? धंद्यात भाऊबिऊ काही नसतं ना?’

मामांना आधी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाषेत अडकल्यावर बघायचे तसं, मी अर्थ सांगीन म्हणून. मी वहिनीच्या हातातल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. मला ते कळताना दिसलं.

तोंड उघडायला मला एवढी मोकळी जागा पुन्हा मिळणार नाही. मी उघडलं नाही.

मामा म्हणाले, ‘असं मी म्हणालो असेन, तर चुकलो, अण्णा.’

पाणी प्यायले, तांब्या वहिनीच्या हातात दिला, नमस्कार केला आणि उठले.

मी त्यांना स्कूटरवरून स्टेशनला सोडायला गेलो. मागे त्यांचं वजन जाणवत नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तंबी, तेव्हा टक का घातले? घाई होती?’

‘मला कापायची भीती वाटली,’ मी म्हणालो. समोर बघत होतो म्हणून बोलता आलं.

‘एवढंच?’ ते म्हणाले. नंतर बऱ्याच वेळाने, ‘मग अण्णाला विचारायचं होतं. त्याने शिकवलं असतं.’

स्टेशनच्या आवारात गाडीची वाट बघताना ते मोरेहच्या गोष्टी सांगत होते. कुणी कुणाचा माल दिला नाही, कुणी ठरलेलं लग्न मोडलं, कुणी भागीदाराला सोडून पळाला. सगळे कुंपणाकडे बोट दाखवतात. ‘कुंपण काही उलटून बोलत नाही ना,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. मी विचारलं, अण्णाला खरं का सांगितलं नाहीत. ते म्हणाले, ‘त्याचा भाऊ एकच आहे. त्याच्या लेखी मी गेलेलाच होतो.’ गाडी आली. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात हलवला नाही, नुसतं पाहत राहिले.

परतताना मला ते बोजे आठवत होते. फाटक उघडं होतं तेव्हा माझं खोटं त्या बायकांच्या डोक्यावर बसून परत आलं होतं, दुकानासमोर उतरलं होतं, फोनवर माझ्या कानापर्यंत पोचलं होतं. माल जातो तो रस्ता परत यायचाही असतो. आणखी एक हंगाम फाटक उघडं राहतं तर ते म्हैसूरला आमच्या दारातही आलं असतं, आणि अण्णाने मला दोन थोबाडीत मारून कात्री उचलली असती. बंद झालं म्हणून माझं खोटं सुखरूप राहिलं. भिंती घातल्याने कुणाचा किती तोटा झाला याचे लेख मी वाचतो. माझ्यासारख्यांना झालेला हा फायदा त्यात कुठे दिसत नाही.

घरी आलो तर अण्णा म्हणाला, ‘आपल्या घरचं पाणी कसं उतरलं त्याच्या घशाखाली?’ तेव्हाही मी गप्प राहिलो. पहिल्यांदा भीतीने बोललो नव्हतो. या वेळी काय होतं, मला सांगता येणार नाही.

आठवडाभराने मी अण्णाला म्हणालो, मला कापायला शिकव. तो आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग इतका खूश झाला की वहिनीला हाक मारून सांगितलं. आता रोज दुपारी आम्ही टेबलाशी उभे असतो. त्याचा हात थरथरतो, पण डोळा रेघ सोडत नाही. मी चुकतो. ‘सुम्मने घाबरू नको, उगाच. कापड आहे, साप नव्हे,’ तो म्हणतो. पहिले दोन तागे मी वाया घालवले, त्याने तिसरा उलगडला. आता काप सरळ येतो. तुकडे जोडून, आतून दुहेरी शिवण मारून काही चीवरं तयार झाली आहेत. गिऱ्हाईक कोण, असं त्याने विचारलं. आहे एक जुनं, मी म्हणालो. त्याने पुढे विचारलं नाही. परवा एक चीवर त्याने उलटं केलं, अंगठ्याने शिवण चोळून पाहिली आणि म्हणाला, ‘मामाने पाहिलं असतं तर—’ आणि थांबला.

मी हे लिहितोय आणि अण्णा देवनागरी वाचतो. भजनाच्या पुस्तकांमुळे त्याला येतं. छापून आलं की देवळातलं कुणीतरी त्याच्या हातात नेऊन देईलच. त्याच्या आधी मला बोलायला हवं.

तेव्हा माझं काय देणं बाकी आहे ते सांगून थांबतो. बर्मामामांना मी नीट कापलेली चीवरं देणं लागतो. ती या पावसाळ्याअखेर चेन्नईला पोचतील. अण्णाला मी त्याचा मित्र देणं लागतो. त्यासाठी एवढंच म्हणायचं आहे, की ते शब्द मामांचे नव्हते, माझे होते. ते मी अजून म्हटलेलं नाही.